हव्रुतेत शिकताना वहीत काय टिपायचं आणि शेवटी मनोगत कसं लिहायचं

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरातली एक विद्यार्थिनी जेरुसलेममधल्या एका बेत मिद्राशात, म्हणजे धर्मग्रंथांच्या अभ्यासदालनात, एलूल महिन्यापासून (साधारण ऑगस्ट-सप्टेंबर) शिकायला निघाली आहे. हिब्रू प्रार्थनेपुरतं वाचता येतं, अरामी अजिबात नाही. सत्र संपताना प्रत्येकाला दोन पानी मनोगत द्यावं लागतं. आधीच्या विद्यार्थ्यांची मनोगतं तिने वाचली, तर सगळी एकाच साच्यातली: खूप शिकायला मिळालं, वेगवेगळे दृष्टिकोन कळले, दुसरं घर मिळालं. आपलं तसं होऊ नये यासाठी काय करावं, आणि हव्रुतेची, म्हणजे जोडीने ग्रंथ वाचण्याच्या अभ्यासाची, तयारी कशी करावी?

मनोगत शेवटच्या आठवड्यात लिहायला बसलात तर तुमचंही तसंच होईल. तोवर दालनातला गोंगाट, चहा आणि माणसं आठवतात. ओळी विसरलेल्या असतात. आणि समूहात शिकल्याने काय झालं हे त्या ओळींवरच दिसतं: अमुक ओळ मी अशी वाचली होती, समोरचीने हरकत घेतली, आणि माझं वाचन हललं किंवा हललं नाही. म्हणून मनोगताची तयारी पहिल्या दिवसापासून वहीत करायची असते. वहीत काय यावं ते सांगतोच, पण त्याआधी जोडीने वाचणं नीट जमायला हवं.

सकाळी जोडीने वाचायची बैठक असते, तिला ‘सेदेर’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी दोन-अडीच तासांची. त्यानंतर तासाभराचा ‘शिऊर’, म्हणजे शिक्षकांचा वर्ग. प्रमाण लक्षात घ्या: शिक्षकांच्या एका तासासाठी तुम्ही दोन तास आपापसात झगडलेल्या असता. तो झगडा टाळून थेट शिऊरला बसणाऱ्यांना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी एक ओळही एकट्याने वाचता येत नाही. दालनात सगळ्या जोड्या एकाच वेळी मोठ्याने वाचत असतात. ग्रंथालयातल्या शांततेची सवय असलेल्याला पहिला आठवडा डोकेदुखीचा जातो, मग कान आपोआप समोरच्या आवाजापुरता उरतो. दोघींपुढे आपापली प्रत हवी. एका पुस्तकावर दोघी वाकल्या की जिच्याकडे ते सरळ असतं तीच वाचते आणि दुसरी ऐकत राहते.

आता पानाविषयी. तालमूद म्हणजे ज्यू धर्मशास्त्रावरच्या चर्चांचा जुना ग्रंथसंग्रह, बराचसा अरामीत. त्याचं छापील पान प्रथम पाहणाऱ्याला जत्रेसारखं वाटतं. मधल्या रकान्यात मिश्ना, म्हणजे नियमांचा मूळ संग्रह, आणि तिच्यावरची चर्चा, म्हणजे गमारा. पुस्तकाच्या बांधणीकडच्या बाजूला राशी, बाहेरच्या बाजूला तोसाफोत. राशी (१०४०–११०५) फ्रान्समधल्या त्र्वाचे. शब्द न् शब्द उलगडून सांगणारे टीकाकार. तोसाफोत हे त्यांच्या नातवांच्या पिढीपासून पुढे, बाराव्या-तेराव्या शतकांतलं. तिथे ‘इथे असं म्हटलंय, मग त्या दुसऱ्या ठिकाणी उलट कसं?’ असे प्रश्न. पानांचे आकडे १५२० ते १५२३ या काळात व्हेनिसला बोम्बर्गच्या छापखान्यात ठरले आणि आजही तेच चालतात. म्हणून ‘बावा मेत्सिया २१अ’ (तालमूदमधला ग्रंथ, पान आणि बाजू) म्हटलं की जगातल्या कुठल्याही बेत मिद्राशात तेच पान उघडतं. मोजणी दोनपासून सुरू होते. पहिलं पान हरवलेलं नाही. राशीची टीका ज्या वळणाच्या अक्षरात असते त्याला ‘राशी लिपी’ म्हणतात, पण ते स्वतः त्या लिपीत लिहीत नसत. छापखानेवाल्यांनी टीका वेगळी दिसावी म्हणून ती वापरली. प्रार्थनेची चौकोनी अक्षरं येत असतील तर रोज वीस मिनिटं दिल्यावर ही लिपी दोन-तीन आठवड्यांत बसते. निघण्याआधी एवढं एक काम ठाण्यातच उरका.

खरी अडचण अक्षरांची नाहीच. मधल्या मजकुराला स्वरचिन्हं नाहीत आणि जवळपास विरामचिन्हंही नाहीत. ओळ विधान आहे, प्रश्न आहे की ‘असं कसं म्हणता!’ असा टोला आहे, हे तुम्हाला सुरावरून ठरवावं लागतं. त्यासाठीच मोठ्याने आणि हेल काढून वाचतात. नवशिक्यांच्या चुका मोजल्या तर निम्म्याहून अधिक इथेच निघतील: प्रश्न विधानासारखा वाचला, मग पुढचं उत्तर निरर्थक वाटलं, मग ‘तालमूद असंबद्ध आहे’ असा निष्कर्ष काढला. त्यावर उपाय म्हणजे खुणेचे शब्द पाठ करणं. ‘तनान’ आलं की मिश्नेतलं वचन येतंय. ‘तान्या’ आलं की मिश्नेबाहेर राहिलेलं त्याच काळातलं वचन, म्हणजे बराइता. ‘मेतिवी’ म्हणजे अशा वचनाच्या आधारे हरकत. ‘ता शमा’ म्हणजे ‘ये, ऐक’, पुरावा पुढे येतोय. ‘माय तामा’ म्हणजे कारण काय. असे तीस-चाळीस शब्द आले की पानाचा सांगाडा दिसू लागतो. ‘रब्बा’ आणि ‘रावा’ ही दोन वेगळी माणसं आहेत. हिब्रूत फरक शेवटच्या एका अक्षराचा. मराठीत टिपणं काढताना दोघांनाही ‘रबा’ लिहून ठेवलंत तर महिन्याभराने कोण काय म्हणालं ते लागणार नाही.

जोडीने वाचण्याची रीत अशी. एकीने दोन-तीन ओळी मूळ भाषेत मोठ्याने वाचायच्या, अडखळत का होईना. तिनेच शब्दशः अर्थ लावायचा. दुसरीने तोवर बोलायचं नाही, फक्त अडलेला शब्द कोशात शोधायचा. यास्ट्रोचा अरामी–इंग्रजी कोश १९०३ साली पूर्ण झालेला असला तरी अजून तोच हाताशी असतो. मग दुसरीने आपल्या शब्दांत सांगायचं: इथे प्रश्न कोणता, विचारतंय कोण, अडचण नेमकी कुठे. हे दोघींना पटलं की मगच राशी. शेवटी छापील भाषांतर, तेही फक्त ताडून पाहायला. स्टाइनसाल्ट्झ यांची आवृत्ती किंवा सेफारियाचं संकेतस्थळ उघडण्याचा मोह पहिल्या पाच मिनिटांत होतो. घड्याळ लावून पंधरा मिनिटं तो आवरा. भाषांतर आधी वाचलं की मूळ ओळीत तुम्हाला फक्त भाषांतरच दिसतं. पुढच्या ओळींना भूमिका बदलायच्या. पहिल्या महिन्यात तासाला चार-पाच ओळी झाल्या तर वेग ठीक आहे. आपल्याकडे पारायणाची सवय, रोज ठरलेला अध्याय संपलाच पाहिजे. ती इथे अडचणीची ठरते. रोज एक संपूर्ण पान वाचण्याचा ‘दाफ योमी’ नावाचा प्रघात आहे, १९२३ पासूनचा. २,७११ पानं साडेसात वर्षांत होतात. पण त्याची शिस्त वेगळी, हव्रुतेशी ती मिसळू नका.

एक उतारा जवळून पाहू, कारण बहुधा तुमचीही सुरुवात इथूनच होईल. बावा मेत्सियाचा दुसरा अध्याय, पान २१अ. मिश्ना सांगते: या वस्तू सापडल्या तर सापडणाऱ्याच्या, आणि या सापडल्या तर दवंडी द्यायची. पहिल्या यादीतली पहिलीच वस्तू ‘विखुरलेली फळं’. मूळ शब्दात शेतातलं धान्यही येतं. गमारा लगेच विचारते: किती? रब्बी इत्झाक म्हणतात: चार हातांच्या जागेत एक काव. (काव म्हणजे २४ अंड्यांइतकं माप, आजच्या हिशेबाने साधारण दीड ते अडीच लिटर, मतं अनेक.) इथे बहुतेक जोड्या ‘बरं, माप मिळालं’ म्हणून पुढे सरकतात. गमारा सरकत नाही. ती म्हणते, धान्य पडल्यासारखं दिसत असेल तर याहून जास्त असलं तरी सापडणाऱ्याचं. कुणी ठेवल्यासारखं दिसत असेल तर कमी असलं तरी हात लावायचा नाही. मग हे माप कशासाठी? रव उक्वा बार हामा उत्तर देतात: गोष्ट खळ्यावरची आहे. मळणी झाली, रास भरून नेली, मागे दाणे विखुरले. चार हातांत एक काव इतके विरळ दाणे वेचायला कष्ट फार, मालक परत येत नाही, त्याने आशा सोडलेली असते. त्याहून दाट असतील तर तो परत येणार.

आता रब्बी यिर्मिया उठतात आणि पानावर गोंधळ घालतात. अर्धा काव दोन हातांत असेल तर? दोन काव आठ हातांत? काव तिळांचा असेल तर? खजुरांचा, डाळिंबांचा? वरवर हा चावटपणा वाटतो. पण जोडीत कुणीतरी विचारायला हवं की हा माणूस नेमकं काय मोजतोय. मालक आशा सोडतो ती वेचायचे कष्ट फार म्हणून, की मालाची किंमत थोडी म्हणून? विरळ दाण्यांत दोन्ही कारणं एकत्र असल्याने फरक कळत नाही. अर्ध्या कावात ती सुटी होतात: कष्ट कमी, पण किंमतही कमी. तिळात वेचायचे कष्ट भरपूर आणि किंमतही भरपूर. डाळिंबं मोठी, उचलायला सोपी, पण किंमत कमी. प्रश्न एकामागून एक येतात आणि शेवटी गमारा म्हणते ‘तेकू’: प्रश्न उभा राहो. पुढे लोकांनी या शब्दाची अक्षरं फोडून अर्थ लावला की तिश्बी, म्हणजे एलियाहू हनाबी (संदेष्टा एलिया), येऊन अडचणी सोडवील. ज्या घरात मलिद्याच्या ताटापुढे एलियाहू हनाबींचं नाव घेतलं जातं, त्या घरातल्या मुलीला हे वाचताना जे वाटेल ते शेजारच्या जोडीला वाटणार नाही. मनोगतात यायला हवं ते हेच.

आपल्या शास्त्रांमधली पूर्वपक्ष आणि सिद्धांत ही चौकट माहीत असेल तर मदत होते, पण ती पुरती बसत नाही. इथे सिद्धांत न सांगताच विषय संपू शकतो, आणि हरलेलं मतही पानावर तसंच राहतं. एरुविन १३ब वर हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंच्या घराण्यांचा तीन वर्षं चाललेला वाद आहे. दोन्ही मतं ‘जिवंत देवाचे शब्द’ ठरतात, तरी आचार हिल्लेलच्या घराण्याप्रमाणे, कारण ते सौम्य होते आणि आपल्या मताआधी विरोधकांचं मत सांगत. वहीतल्या नोंदीलाही हाच क्रम लावा.

नोंद रोज पाच ओळींची, त्याच बैठकीच्या शेवटच्या सात-आठ मिनिटांत. ग्रंथ, पान, बाजू आणि उताऱ्याचे पहिले दोन शब्द. समोरचीने काय म्हटलं, तिच्याच शब्दांत. मी आधी काय वाचलं होतं. कोणत्या शब्दाने किंवा राशीच्या कोणत्या ओळीने तिढा सुटला. काय सुटलं नाही. घरी गेल्यावर लिहू म्हटलं की समोरचीची हरकत तुमच्या डोक्यात तुमचीच होऊन बसते. दुसऱ्याचं वचन त्याच्या नावानेच सांगायचं, याला या परंपरेत मोठा मान आहे. पिर्के आवोत या नीतिवचनांच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात, तोरा मिळवण्याच्या ४८ गुणांच्या यादीत, तो शेवटचा आहे. तेव्हा मनोगतात जोडीदाराचं नाव घाला, पण तिला विचारून. तिने सहज सांगितलेल्या घरच्या गोष्टी घालू नका.

शब्बाथला आणि सणांना वहीत लिहायचं नाही, फोनवर सेफारियाही नाही. त्या दिवसांचा उतारा शुक्रवारी दुपारीच छापून घ्या, आणि खूण म्हणून कागदाची पट्टी पानात ठेवा; नोंद शनिवारी रात्री, हव्दाला (शब्बाथ संपल्याचा विधी) झाल्यावर. सत्रांचे कालावधीही सणांना बांधलेले असतात: एलूलपासून योम किप्पूरपर्यंत छोटं सत्र, हेश्वानपासून निसानपर्यंत हिवाळी, इय्यारपासून नऊ आवपर्यंत उन्हाळी. नऊ आव हा मंदिरनाशाच्या शोकाचा उपास, म्हणजे आपल्याकडचा बिरड्याचा रोजा. त्या दिवशी अभ्यासही आवरता घेतात, कारण तो आनंद देतो. एखा, इयोब असे शोकाचेच ग्रंथ वाचतात. शावुओतच्या, म्हणजे तोरा मिळाल्याच्या सणाच्या, रात्री याच्या उलट: पहाटेपर्यंत जागून शिकायचं असतं. त्या रात्रीच्या वर्णनाने मनोगताची सुरुवात करण्याचा मोह सगळ्यांना होतो. टाळा.

हव्रुता बिघडते कशाने, तर बहुतेकदा भांडणाने नव्हे. एकीचं हिब्रू चांगलं असतं आणि ती नकळत शिकवणी घेऊ लागते. अशा वेळी कच्चीने आधी वाचायचं आणि पक्कीने फक्त प्रश्न विचारायचे, हा नियम दोन आठवडे कडक पाळा. दुसरं दुखणं सभ्यतेचं, आणि ते आपल्या लोकांत जास्त. समोर वयाने मोठी बाई असली की ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणून मोकळं व्हायचं. तालमूदमध्ये यावर जालीम गोष्ट आहे (बावा मेत्सिया ८४अ): अभ्यासातला जोडीदार रेश लाकिश वारल्यावर रब्बी योहानानना नवा जोडीदार दिला, तो प्रत्येक वाक्याला ‘तुमच्या म्हणण्याला आधार आहे’ म्हणू लागला. योहानान कळवळले: रेश लाकिश माझ्या प्रत्येक वाक्यावर चोवीस हरकती घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, आणि त्यातून विषय आपोआप रुंदावायचा, बरोबर आहे हे मला माहीत नाही का? मात्र हीच गोष्ट सुरुवातीपासून वाचा. त्या दोघांची ताटातूट एका बोचऱ्या टोमण्यावरून झाली होती, तोही अभ्यासाच्या वादातच. हरकत वाचनावर घ्यायची, माणसाच्या भूतकाळावर नाही. तिसरं म्हणजे ‘याचा माझ्या आयुष्याशी काय संबंध’ हा प्रश्न दहाव्या मिनिटालाच विचारणं. ओळ कळण्याआधी संबंध जोडला की ओळ गळून पडते आणि गप्पा उरतात. बैठकीतला शेवटचा पाव तास त्यासाठी ठेवा.

तुमच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. किद्दुशीन या विवाहावरच्या ग्रंथाचा चौथा अध्याय बाबिलोनहून परतलेल्या दहा कुळांच्या यादीने सुरू होतो: कोणाचा विवाह कोणाशी व्हावा, कोणाशी नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलमध्ये बेने इस्राएलांच्या विवाहांवर धर्माधिकाऱ्यांनी ज्या शंका काढल्या त्यांची मुळं याच विषयात होती. आंदोलनं झाली आणि १९६४ साली संसदेने समाजाच्या बाजूने ठराव केला. तुमच्या घरात ही आठवण असेल, जोडीदाराला पत्ताही नसेल. उतारा येणार हे आधी कळलं तर आदल्या दिवशीच तिला दोन वाक्यांत सांगून ठेवा. मग पान मात्र नेहमीसारखंच वाचा: कोण बोलतोय, हरकत काय, राशी काय म्हणतात. राग आला तर तो कोणत्या शब्दावर आला ते टिपा. रागावर लिहिलेलं मनोगत चालतं. ज्यात तो शब्दच सापडत नाही ते चालत नाही.

तालमूद आपल्या लोकांचा नाही, आपण उशिरा आलो, असंही दालनात वाटू शकतं. कोकणातल्या पिढ्यांनी शमाची प्रार्थना, शब्बाथ आणि सुंता टिकवली, गमारा त्यांच्या हाती नव्हती, हे खरं. पण १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेल्या हग्गाद्यांत (पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथ्यांत) रब्बान गम्लिएलचं ‘या तीन गोष्टी ज्याने सांगितल्या नाहीत’ हे वचन आहेच, आणि ते मिश्नेतलं आहे, पसाहीमच्या दहाव्या अध्यायातलं. पेसाहच्या ताटापुढे तुम्ही मिश्ना मराठीत ऐकलेली आहे. दालनात पहिल्या दिवशी मिश्ना नवी नाही हे माहीत असलेलं बरं.

लिहायला बसाल तेव्हा वहीतल्या नोंदींमधून तीनच निवडा, बाकीच्या सोडा. एक, जिथे तुमचं वाचन बदललं. दुसरी, जिथे तुम्ही अडून राहिलात आणि समोरची हलली, किंवा कुणीच हललं नाही. तिसरी, जी अजून तेकू आहे. प्रत्येकीला उताऱ्याच्या दोन-तीन ओळी, मग वाद. ‘हव्रुतेमुळे वेगवेगळे दृष्टिकोन समजले’ हे वाक्य कोणीही, कुठल्याही वर्गाबद्दल लिहू शकतं. त्याऐवजी: ‘२१अ वरचं “किती?” मला हिशेबाचं वाटलं. माझ्या जोडीदाराने विचारलं, माप धान्याचं आहे की मालकाच्या मनाचं? मी अर्धा तास धान्याचं म्हणत राहिले. तिळाच्या प्रश्नापाशी मला माघार घ्यावी लागली.’ चारच वाक्यं झाली, पण कोण शिकली, कोणाकडून आणि कोणत्या ओळीवर, ते कळलं. शिक्षकांचे आभार शेवटी एका ओळीत. समूहाबद्दल वेगळा परिच्छेद लिहूच नका, तो या तीन वादांत येऊन गेलेला असतो.

अध्याय संपला की ‘हद्रान अलाख’ म्हणतात, ‘आम्ही तुझ्याकडे परत येऊ’. संपूर्ण ग्रंथ संपला की सियूम होतो. तिथे शेवटच्या ओळी वाचून दाखवतात, काही खायला असतं, आणि दहांचा मिन्यान (प्रार्थनेपुरता जमाव) असेल तर कद्दीशची प्रार्थना म्हणतात. मनोगतं बहुधा याच वेळी वाचली जातात, पाच मिनिटांत. दोन पानं पाच मिनिटांत संपत नाहीत. तेव्हा वाचायला तीनपैकी एकच नोंद घ्या, आणि हिब्रू शब्द आधी मोठ्याने वाचून पाहा.

आणि मसुद्यात देवाचं चार अक्षरी नाव हिब्रूत पूर्ण लिहू नका, ‘हाशेम’ लिहा. ते नाव असलेले छापील उतारे आणि कागद रद्दीत किंवा कचऱ्यात जात नाहीत. दालनाच्या दाराशी गनिजाची, म्हणजे जुन्या पवित्र कागदांची, पेटी असते, त्यात टाकायचे.